कोणी नाही ना?

सगळं जग दार वाजवतं ते कुणीतरी उघडावं म्हणून. कडीबाई वाजवायच्या ते कुणी उघडू नये म्हणून.

पालिकेच्या घरपट्टी विभागात रिकाम्या घरांचं टेबल त्यांच्याकडे होतं. काही कारणांनी घर रिकामं पडलं असेल तर मालकाला घरपट्टीत सूट मिळायची. पण सूट म्हटली की माणसाची नियत फिरते. तेव्हा घर खरोखर रिकामं आहे की मालक पलंगाखाली श्वास रोखून पडलाय, हे जाऊन बघायला कुणीतरी हवं, आणि ते काम बाईंचं. दारासमोर उभं राहायचं, कडी दणादणा वाजवायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचं, "कोणी नाही ना?" आतून काहीच उत्तर आलं नाही की बाईंचा चेहरा खुलायचा. त्या कडीवरूनच त्यांचं नाव पडलं होतं, आणि आता त्यांच्या नवऱ्यालाही खरं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागे.

"बाई, हा काय प्रश्न झाला?" विभागाचे साहेब एकदा म्हणाले होते. "माणसं 'कोणी आहे का' असं विचारतात."

"साहेब, मला कोणी असायला नकोच असतं. मग उगाच आशेनं कशाला विचारू?"

साहेबांनी हात टेकले. शिवाय या प्रश्नाचा एक फायदाही होता. एका गृहस्थाचं घर कागदावर रिकामं होतं, आणि बाईंनी "कोणी नाही ना?" विचारल्यावर आतून त्यानं अगदी तत्परतेनं "नाही!" म्हणून उत्तर दिलं. त्याची सूट दारातच संपली.

सुटीचे प्रकार तरी किती! मालक वारला आणि वारसांचं अजून ठरायचंय, तर सूट. छप्पर उतरवलंय, तर सूट. काही घरं माणसांनी खच्चून भरलेली असूनही सुटीत बसायची, उदाहरणार्थ ज्यात नुसते विद्यार्थी राहतात अशी. तिथे बाईंना उलटी पाहणी करावी लागे, म्हणजे त्या गर्दीत कुणी चोरून कमावता तर नाही ना हे बघायचं. एका खोलीत त्यांना एक टकलू विद्यार्थी सापडला होता. त्यानं आपण तिसऱ्यांदा पहिल्या वर्षाला बसलोय असं सांगितलं, आणि चौकशी केली तर ते खरंच निघालं.

पण बाईंचा जीव रमायचा तो रिकाम्या घरांत, आणि याचं कारण त्यांच्या स्वतःच्या घरात होतं. तिथे नवरा, दोन मुलगे, एक सून, सासूबाई, आणि नोकरी शोधायला म्हणून चार दिवस आलेला एक दीर. ते चार दिवस अजून चालू होते आणि दिराची दाढी पिकली होती. त्या घरात आरशात बघायलाही नंबर लावावा लागे. म्हणून पाहणी उरकली की बाई त्या रिकाम्या घराच्या पायरीवर बसून डबा उघडायच्या, चप्पल काढून पाय लांब करायच्या आणि कुणीही "अगं, जरा हे बघ" न म्हणता शेवटचा घास पोटात जाईपर्यंत सुखानं जेवायच्या. रिकाम्या घराचा एक वास असतो, बंद लाकडाचा आणि थंड फरशीचा. तो आला की बाईंना माहेरी आल्यासारखं वाटायचं.

अशा या बाईंच्या टेबलावर एक दिवस ड्रायव्हरकाकांचं घर आलं.

ड्रायव्हरकाकांनी शहराची बस उभा जन्म चालवली होती. निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी राहायला गेली, आणि काका आपल्या बैठ्या घरात एकटे मजेत होते. मग एक दिवस न्हाणीघरात पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशननंतर मुलगी त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. औषधपाण्यासाठी दुसऱ्याकडे राहायला गेलेल्या माणसाच्या घराला सूट असतेच. अर्ज आला, तो मंजूर झाला, आणि आता वर्ष होत आल्यावर पुन्हा पाहणी करायची होती. बाईंच्या लेखी हे दोन मिनिटांचं काम होतं. त्यांनी डबा मुद्दाम बरोबर घेतला.

दाराशी गेल्या. कडी वाजवली. "कोणी नाही ना?"

दार उघडलं.

समोर एक माणूस उभा होता. कमरेला टॉवेल, आणि केसांपासून हनुवटीपर्यंत सगळा साबणाचा फेस. फेसातून एकच डोळा उघडा होता, आणि तो बाईंकडे बघत होता.

"कोण पाहिजे?" फेसातून आवाज आला.

"कोणीच नको होतं," बाई म्हणाल्या.

आतून गरम इस्त्रीचा वास येत होता. पुढच्या खोलीत एक बाई टेबलावर चादर पसरून शर्टांना इस्त्री करत होती. मागच्या खोलीतून ट्रम्पेटवर एकच सूर पुन्हा पुन्हा चढत होता आणि दर वेळी त्याच पायरीवर ठेचकाळत होता. खिडकीतल्या कुंड्या टवटवीत होत्या. रिकाम्या घरांच्या एवढ्या वर्षांत इतकं नांदतं रिकामं घर त्यांनी बघितलं नव्हतं.

"या ना, बसा," इस्त्रीवाली म्हणाली. "चहा टाकते. तुम्ही काकांच्या ओळखीच्या का?"

"मी घरपट्टीची."

"अरे वा! मग नीट बघून घ्या. आम्ही घर कसं ठेवलंय बघा."

आणि तिनं अभिमानानं सगळं सांगितलं. काका जाताना किल्ली तिच्याकडे देऊन म्हणाले होते, "घर उघडत जा गं. बंद घराला कुबट वास लागतो. मी परत येईन तेव्हा मला माझ्या घराचा वास आला पाहिजे." त्या एका वाक्यावर गल्लीनं वर्ष काढलं होतं. इस्त्रीवालीचं दुकान म्हणजे शेजारचा एक बोळ होता, म्हणून उन्हाची ती इथे येऊन इस्त्री करायची. साबणवाला म्हणजे समोरचा रंगारी. त्याच्या घरी नळाला पाण्याची धार कमी, म्हणून तो इथे आंघोळ करायचा आणि येता-जाता कुंड्यांना पाणी घालायचा. आणि मागच्या खोलीत होता बँडवाला. त्याच्या बायकोनं त्याला दोनातून एक निवडायला सांगितलं होतं, ट्रम्पेट किंवा ती. त्यानं काकांची मागची खोली निवडली आणि संसार वाचवला.

"रात्री एक दिवाही लावतो," रंगारी तोंड पुसत म्हणाला. "चोराला वाटलं पाहिजे, घरात माणूस आहे."

"चोराचं सोडा," बाई म्हणाल्या, "मलासुद्धा वाटलं!" आणि त्यांनी नियम सांगितला. घर रिकामं म्हणून सूट आहे. घर वापरात असेल तर सूट बंद आणि बिल चालू.

इस्त्रीवालीच्या हातातली इस्त्री शर्टावर तशीच राहिली. शर्टानं धूर काढला तेव्हा तिला भान आलं.

"बाई, बिल नका लावू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम उतरला. "काकांच्या मुलीनं सांगून ठेवलंय. घराला खर्च नाही तोवर राहू दे. पहिलं बिल आलं की घर विकायचं. ती वाईट नाही हो, तिला बापाची काळजी आहे. पण काका तिकडे रोज व्यायाम करतात ते कशासाठी? इथे यायचंय म्हणून. मला फोनवर सांगतात, आज गेटपर्यंत चाललो, आज कोपऱ्यापर्यंत. घरच गेलं तर ते चालतील कशाला?"

खोटा शेरा बाईंनी आयुष्यात लिहिला नव्हता आणि आताही लिहिणार नव्हत्या. पण इथे राहत कुणीच नव्हतं हेही खरं होतं. रात्री सगळे आपापल्या घरी जात होते.

"हे बघा," त्या शेवटी म्हणाल्या, "मी आज पाहणी अपुरी असं लिहिते. पुढच्या आठवड्यात पुन्हा येईन. तोवर इस्त्री, आंघोळ, बाजा, सगळं बंद. घर कसं, अगदी रिकामं दिसलं पाहिजे. माझ्यासारखीला पायरीवर बसून दोन घास सुखानं खाता आले पाहिजेत!"

हे शेवटचं त्या विनोदानं म्हणाल्या आणि घाईनं निघाल्या. घर सामानासकट तसंच ठेवा, हे सांगायचं राहून गेलं. एवढी साधी गोष्ट काय सांगायची, असं त्यांना वाटलं असेल. पण प्रेमानं पेटलेल्या माणसांना साधी गोष्ट आधी सांगावी लागते.

पुढच्या आठवड्यात बाई निघाल्या तर साहेब म्हणाले, "चला, आज मीही येतो. बऱ्याच दिवसांत बाहेर पडलो नाही." साहेबांनी नवा पांढरा शर्ट घातला होता. बाईंना काही वाटलं नाही. घर आता शांत असणार, मग साहेब असोत की साहेबांचे साहेब.

कडी वाजवली. "कोणी नाही ना?" उत्तर नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी इस्त्रीवालीनं आणून दिलेली किल्ली फिरवली, दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थबकल्या.

घर रिकामं होतं. रिकामं म्हणजे किती? टेबल नाही, खुर्ची नाही, पलंग नाही, पडदा नाही, छताला दिवा नाही. कुंड्या नाहीत. दारावरची नावाची पाटी काढलेली, स्क्रूची भोकं तेवढी उरलेली. फरशीवर धुळीचा जाड थर, आणि तो थर जरा जास्तच पिवळा, कारण तो सुताराकडून पोतं भरून आणलेला लाकडाचा भुसा होता. कोपऱ्यात कापसाची जाळी लटकत होती. आणि भिंतीवर वरपासून खालपर्यंत ओल आलेली होती, हिरवट, काळपट, कडांना बुरशी. इतकी सुंदर ओल बाईंनी कुठल्याही घरात बघितली नव्हती.

"अरेरे," साहेब म्हणाले, "काय दशा झालीये घराची!" आणि हळहळत ते भिंतीला टेकले.

"साहेब, टेकू नका, ओलं आहे!" खिडकीबाहेरून आवाज आला, आणि रंगाऱ्याचं डोकं वर आलं.

साहेब पुढे झाले. त्यांच्या नव्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर ती सगळी ओल जशीच्या तशी उतरली होती, बुरशीसकट.

मग काय सांगावं! खिडकीखालून एकेक जण उगवला. रंगाऱ्यानं कबूल केलं की तो रात्रंदिवस खपला होता, आणि घाबरत हेही विचारलं, की काम कसं वाटलं. इस्त्रीवालीनं साहेबांचा शर्ट धुवून देते म्हणून तो अंगावरून काढायलाच घेतला. बँडवाल्यानं तर काकांची गादी आपल्या घरी नेली होती, म्हणून बायको कालपासून त्याच्याशी बोलत नव्हती.

साहेबांना मनातून हसू येत होतं की राग, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पण नियम त्यांना पाठ होता.

"सूट कुणाला मिळते? घर सोडून उपचारासाठी गेलेल्या माणसाला, ज्याचं सामान घरात आहे आणि जो परत येणार आहे," ते म्हणाले. "इथे सामान नाही, पाटी नाही, माणूस परत येणार असल्याची एक खूण नाही. हे पडीक घर झालं. आणि पडीक घराला घरपट्टी दुप्पट."

"दुप्पट!" तिघे एकदम ओरडले.

"साहेब, चूक माझी आहे," कडीबाई म्हणाल्या. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. "अगदी रिकामं करा, असं मी म्हणाले. यांनी ते मनावर घेतलं. सामान शेजारीच आहे. आणि काका परत येणार आहेत."

"कोण म्हणतं?"

"आम्ही!" इस्त्रीवाली म्हणाली.

"भिंतीला ओल आहे, असंही तुम्हीच दाखवलं होतं," साहेब म्हणाले. मग ते जरा मऊ झाले. "उद्या दुपारी पुन्हा येतो. घर जसं असेल तसं लिहीन. पण तो माणूस परत येणार आहे हे त्याच्या घरच्यांनी सांगितलं पाहिजे. शेजाऱ्यांचं चालणार नाही."

साहेब गेले. पाठीवरची ओल गल्लीच्या टोकापर्यंत दिसत होती.

म्हणजे आता सगळं मुलीवर आलं होतं. तिनं 'हो' म्हटलं तर सूट राहणार, घर राहणार. तिनं 'नाही' म्हटलं तर घर जाणार आणि काकांचं ते गेटपर्यंतचं, कोपऱ्यापर्यंतचं चालणं तिथेच संपणार.

कचेरी सुटल्यावर बाई सरळ घरी जायच्या. त्या दिवशी पाय आपोआप इकडे वळले. पाहणीचं काम उद्याचं होतं, आज आपण नुसत्या बाई आहोत, असं त्यांनी स्वतःला बजावलं. गल्लीत झुंबड उडाली होती. रंगारी ओल पुसून भिंतीला पांढरा हात मारत होता. कपाट दारात तिरकं अडकलं होतं. पलंग कुठल्या भिंतीला होता यावरून इस्त्रीवालीचं आणि बँडवाल्याचं जुंपलं होतं.

"काकांनाच विचारा," बाई म्हणाल्या.

फोन लावला. सगळ्यांचे हात सामानात गुंतलेले, म्हणून फोन बाईंनी धरला आणि आवाज मोठा केला. इस्त्रीवालीनं लांबूनच ओरडून सगळी हकीकत सांगितली. काका आधी ओल ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांचा आवाज बदलला. उभा जन्म मागे न बघता गाडी मागे घेतलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"कपाट अडकलंय ना? अडकणारच. तिरकं घ्या. वरची बाजू आधी आत. डावीकडे... अजून डावीकडे... येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स! आता खाली टेकवा. उजव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती, ती घाला, नाहीतर दार आपोआप उघडतं."

कपाट जागेवर बसलं. पुठ्ठा घातला आणि दार बंद राहिलं.

"पलंग भिंतीपासून हातभर लांब. मला त्या बाजूनं उतरायची सवय आहे. टेबल खिडकीजवळ नको, तिथे खुर्ची. मला चौकातलं वळण दिसलं पाहिजे. हल्लीचे ड्रायव्हर तिथे वेग कमी करत नाहीत, मी बसल्या बसल्या बघत असतो. न्हाणीघराबाहेर पायपुसणं. दिव्याचं बटण दाबताना जरा वर ढकलायचं, मगच लागतो."

बँडवाल्यानं बटण दाबलं आणि वर ढकललं. दिवा लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे काकाही हसले.

मग फोनवर एक दुसरा आवाज आला, मुलीचा, अगदी हलका.

"बाबा, इथे येऊन वर्ष झालं. माझ्या घरातलं पंख्याचं बटण तुम्हाला अजून शोधावं लागतं."

तिनं मनापासून केलं होतं सगळं, आणि ते काकांना ठाऊक होतं.

"कोण बोलतंय तिकडून?" मुलीनं विचारलं.

"मी घरपट्टीची." बाईंनी फोन कानाला लावला आणि जरा बाजूला जाऊन पायरीवर बसल्या. "ताई, तुमच्याकडून एक उत्तर हवंय. काका परत येणार आहेत का? नुसतं मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका. खरं असेल तर म्हणा."

"तुम्हाला काय सांगू?" मुलगी म्हणाली. "ते पडले ना, तेव्हा सकाळपासून दुपारपर्यंत त्या न्हाणीघरात पडून होते. हाका मारत होते. घरात कोणी नव्हतं. त्या घरात कोणी नसतं हो. मी त्यांना पुन्हा तिथे एकटं कसं ठेवू?"

आता कडीबाईंना जे बोलायचं होतं त्याला नियमात जागा नव्हती. पण त्या नुसत्या बाई म्हणून आल्या होत्या ना!

"ताई, रिकामी घरं बघण्यात माझं आयुष्य गेलं," त्या म्हणाल्या. "घरात कोणी नाही हे ओळखायचाच पगार मला मिळतो. तुमच्या या घराची मी कडी वाजवली तर तोंडाला साबण फासलेला माणूस दार उघडायला आला. एक बाई इस्त्री करत होती. एकजण बाजा वाजवत होता, वाईट वाजवत होता, पण वाजवत होता. काका पडले तेव्हा यांच्याकडे किल्ली नव्हती. आता आहे, आणि ते काही केल्या बाहेर जात नाहीत. रिकामं करायला सांगितलं तर काय केलं ते ऐकलंच तुम्ही. या घरात तुमचे वडील हवं तर कंटाळतील. पण दुपारपर्यंत हाका मारत पडणार नाहीत."

मागे घरात बँडवाला "वाईट?" असं कुणालातरी विचारत होता.

"विचार करून सांगते," मुलगी म्हणाली, आणि फोन बंद झाला.

त्या रात्री कडीबाईंना घरच्या गलक्यात नेहमीसारखा वैताग आला नाही. दीर समोरच्याच्या ताटातलं उचलत होता, सासूबाई सगळ्यांवर एकाच वेळी ओरडत होत्या, आणि बाई कुणाचंच न ऐकता विचार करत होत्या, की काकांची मुलगी उद्या काय म्हणेल.

सकाळभर फोन आला नाही. दुपारी साहेब वेगळा शर्ट घालून निघाले, तो काळा होता. गल्ली चिडीचूप होती. दारावर पाटी परत लागली होती. बाईंना ना इस्त्रीवाली दिसली, ना रंगारी. हाताला आणि तोंडाला मात्र जन्माची सवय होती. त्यांनी कडी वाजवली.

"कोणी नाही ना?"

"आहे!"

आवाज ड्रायव्हरचा होता, मागच्या सीटपर्यंत पोचणारा.

"आहे! मी आहे! या, दार उघडंच आहे!"

काका खिडकीशी खुर्चीत बसले होते. हातात काठी, अंगावर प्रवासात चुरगळलेला सदरा, आणि चेहऱ्यावर लग्नाच्या दिवशीचा आनंद. शेजारी मुलगी उभी होती, डोळे लाल, पण ओठांवर हसू. पहाटेच गाडी काढून ती त्यांना घेऊन आली होती. बाईंना तिनं सांगितलं, "तुम्हाला फोनवर उत्तर द्यायचं ठरवलं होतं. पण बाबांना विचारलं तर ते उत्तर न देता पिशवी भरायला लागले."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी साहेबांचा हात दाबला, आणि साहेबांनी तो दाबू दिला. मग साहेब खाकरले.

"पण बाई, आता हे घर रिकामं नाही."

"नाही साहेब."

"मग सूट बंद. आजपासून बिल लागणार."

मुलीनं वडिलांकडे बघितलं. पहिलं बिल आलं की घर विकायचं, हे तिचेच शब्द होते. काकांनी काठी फरशीवर आपटली.

"लावा!" ते म्हणाले. "चांगलं ठळक नाव घालून लावा. राहत्या माणसाला बिल येतं. वर्षभर मला कुठलं बिल आलं नाही, मला वाटायला लागलं होतं की मी गेलोच."

मुलगी हसली आणि रडली, दोन्ही एकदम. "बाबा, पेन्शन तुमची, बिल तुमचं. मी काही बोलणार नाही."

"एकटेच राहणार का?" साहेबांनी विचारलं. "एकट्या माणसाला थोडी सवलत आहे."

"एकटाच," काका म्हणाले, आणि तेवढ्यात न्हाणीघराचं दार उघडून रंगारी टॉवेलवर बाहेर आला. साहेबांना बघून पुन्हा आत गेला.

"हा आंघोळीपुरता आहे, साहेब," कडीबाई घाईनं म्हणाल्या. "झोपतो स्वतःच्या घरी. मी खात्री करून घेते."

साहेबांनी सवलत दिली.

वर्ष सरताना काकांच्या घराचं बिल निघालं. बिलं पोस्टानं जायची, पण काकांनी निरोप पाठवला होता, की माझं बिल बाईंनी स्वतः आणून द्यावं. आणि कडी वाजवल्यावर तो अभद्र प्रश्न विचारू नये. माझ्या दारात 'कोणी आहे का' असं विचारायचं.

बाई दारात उभ्या राहिल्या. मागच्या खोलीतला ट्रम्पेट आता त्या ठेचकाळायच्या पायरीच्या पुढे गेला होता. त्यांनी कडी वाजवली, नेहमीपेक्षा हलकेच. तोंड उघडलं तर जुनाच प्रश्न जिभेवर आला. तो त्यांनी गिळला आणि पुन्हा सुरुवात केली.

"कोणी... कोणी आहे का?"

"आहे, आहे! मीच येतो, कुणी उघडू नका!"

आत काठी टेकल्याचा आवाज आला. मग पाऊल. मग पुन्हा काठी. खुर्चीपासून दारापर्यंतचं अंतर फार नव्हतं, पण काका ते आपल्या वेगानं, वळणावर गाडी सांभाळावी तसे सावकाश येत होते. कडीबाईंच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत दार उघडण्याची वाट बघायची वेळ कधी आली नव्हती. त्यांनी दुसऱ्यांदा कडी वाजवली नाही. बिल हातात धरून त्या उभ्या राहिल्या.